जेसीबीचे पाच हजार बुडाले तर बुडू द्या

पत्र साताऱ्याहून आलंय, एका ताईंचं. बरंच मोठं होतं, कामापुरतं इथं देतोय.

"आम्ही शाहूपुरीत राहतो. मिस्टर रिटायर झाले तेव्हा गुहागरपासून थोडं पुढं सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अकरा गुंठे एनए (बिगरशेती) प्लॉट घेतला. समोर समुद्र दिसतो. बाकी जागा म्हणजे नुसतं ओसाड कातळ, मधे करवंदाच्या जाळ्या आणि पाच-सहा वाकडी झाडं. मुलगा पुण्यात असतो, तो रोज मिनिमलिस्ट कॉटेजचे फोटो पाठवतो, काळं लाकूड आणि भिंतभर काचा. मिस्टरांचं म्हणणं स्लॅबच पाहिजे आणि आधी चारी बाजूंनी कंपाऊंड. मला लहानसं, त्या जागेत मिसळून जाईल असं घर हवंय पण मला ते नीट सांगता येत नाही, मग दोघं मिळून मला गप्प करतात. दिवाळीनंतर जेसीबी येऊन जागा सपाट करणार आहे, पाच हजार ॲडव्हान्स दिलाय. काय करू?"

ताई, पहिलं काम, हे वाचायचं थांबवा आणि त्या जेसीबीवाल्याला फोन लावून नको म्हणून सांगा. पाच हजार परत दिले तर उत्तम, नाही दिले तर सोडून द्या. तो एका दिवसात जे खरवडून काढेल ते परत बसवायला कितीही पैसे मोजले तरी कुठं विकत मिळत नाही.

आणि एक बोलू का, तुम्ही सातारच्या, त्यामुळं "नुसतं ओसाड कातळ" हे वाचून मला हसूच आलं. कासचं पठार काय आहे मग? तिथं पण खाली हाच जांभा दगड, वर टीचभर माती, एप्रिलमध्ये गेलात तर सगळं करपलेलं, काळं-तांबडं. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तिथंच तेरडा, गेंद, सीतेची आसवं, पाय ठेवायला जागा नाही. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या त्यात आपलं कास आहे, आपण तिकीट काढून बघायला जातो, पोरगं वाटेवरून खाली उतरलं की "अरे फुलावर पाय पडंल" म्हणून ओरडतो. आणि तोच दगड, तीच माती गुहागरला आपल्या सातबाऱ्यावर आली की बोलवा जेसीबी! कोकणातल्या सड्यांवर पण पावसात हीच मंडळी उगवतात, गेंद येतो, सीतेची आसवं येतात, फक्त तिथं तिकीट नसतं म्हणून कुणी बघत नाही. शिवाय कातळाला हात लावायच्या आधी एकदा नीट झाडून बघाच, रत्नागिरी-राजापूर-लांजा भागातल्या सड्यांवर जी कातळशिल्पं सापडलीत (२०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली ती) ती अशाच "ओसाड" म्हणून सोडलेल्या कातळांवर आहेत.

आता दुसरं काम. श्रावण चालू आहे तोवर एकदा जाऊन या. सगळे प्लॉट डिसेंबरात बघतात, तुम्ही पण तसाच बघितला असणार. कुंभार्ली घाट चालू आहे ना ते विचारून घ्या, पाटण-कोयनानगर-चिपळूण करत जा, एक मुक्काम गुहागरात करा आणि भर पावसात प्लॉटवर तासभर उभ्या राहा. छत्री नेऊ नका, टिकणार नाही, रेनकोट घाला. पाणी कुठं साचतंय, कुठनं वाहतंय, कुठल्या खळग्यात बेडूक आहेत, हे बघायचं. चार बांबू आणि सुतळी न्या, पाण्याची वाट जिथं जिथं आहे तिथं खुणा करून या, फोटो काढून या. घर त्या खुणांच्या मधे बसवायचं. उन्हाळ्यात आखलेली घरं पावसात ओढ्यात उभी असलेली मी बघितलीत, मग मालक सगळीकडनं काँक्रीटचं गटार काढतो आणि ते पाणी शेजाऱ्याच्या जागेत सोडतो आणि मग पुढची दहा वर्षं त्या भांडणात जातात.

आणि ती वाकडी झाडं. ती कुठल्या बाजूला वाकलीत ते बघा. माझा अंदाज, समुद्राकडं पाठ करून ईशान्येला झुकलेली असणार, कारण चार महिने नैर्ऋत्येचा वारा त्यांना तसा विंचरत असतो. ती झाडं म्हणजे तुमचा फुकटचा आर्किटेक्ट आहे. वाऱ्याचा जोर कुठं आहे, किती उंचीवर आहे, आडोसा कुठं मिळतो सगळं त्यांनी तिथं लिहून ठेवलंय. घर त्यांच्या आडोशाला घ्या, थोडं मागं. समुद्र पंधरा फूट लांब गेल्यानं काय फरक पडत नाही. वाऱ्यावर विश्वास बसत नसेल तर घराजवळच प्रयोग करा, याच पावसात चाळकेवाडीला पवनचक्क्यांपाशी गाडी उभी करून वाऱ्याच्या बाजूचं दार उघडायचा प्रयत्न करायला दाजींना सांगा.

मुलाचे फोटो तुम्ही जोडले होते ते बघितले. त्यातले दोन-तीन कॅलिफोर्नियातल्या सी रँचचे आहेत, बघितल्याबरोबर ओळखले. भाच्याची आवड चांगली आहे हे आधी सांगतो. १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला समुद्रकाठच्या एका जुन्या मेंढपाळीच्या रानावर ती वसाहत झाली, लॉरेन्स हॅलप्रिन नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टने आधी तिथला वारा, गवत, जुन्या झाडांच्या रांगा यांचा अभ्यास केला आणि मग घरं कुठं बसवायची ते ठरवलं. काही घरं तर सायप्रसच्या रांगेच्या आडोशालाच चिकटून आहेत, छपराचा उतार वारा वरून निसटून जाईल असा, लाकडाला रंग नाही, ऊन-वाऱ्यानं ते राखाडी होत जातं. म्हंजे मी वर जे झाडांचं सांगितलं तेच की. पण भाचेबुवांनी फोटोतनं उचललं काय तर चेहरा, काळी लाकडी पेटी आणि तिला वळचणच नाही! तिथं वळचण नाही कारण तिथं प्रश्न वाऱ्याचा होता, बाहेर आलेल्या छपराच्या कडेत वारा शिरतो म्हणून ती कापून टाकली, आणि तिथले उन्हाळे कोरडे असतात, धुकं येतं, पाऊस हिवाळ्यात. आपल्याकडं रत्नागिरी जिल्ह्यात चार महिन्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तो वरनं कमी आणि आडवा जास्त येतो. वळचण नसलेली लाकडी पेटी गुहागरला दोन पावसात सुजून दारं लागायची बंद होतील, तिसऱ्या वर्षी वाळवी. त्यामुळं त्याला सांगा, सी रँचची पद्धत घे, सी रँचचं घर घेऊ नकोस.

पांढऱ्या भिंतींचं पण तेच. मिनिमल म्हटलं की पांढरं असं कुणी डोक्यात घातलंय काय माहीत. पहिल्या गणपतीपर्यंत पश्चिमेची भिंत हिरवी आणि दिवाळीपर्यंत काळी. दरवर्षी रंग काढायचा हे मिनिमल कसं काय होईल?

मग काय बांधायचं. अकरा गुंठे म्हणजे जवळजवळ बारा हजार स्क्वेअर फूट, त्यात घर सहाशे स्क्वेअर फूट घ्या, म्हणजे वीसातला एक भाग. दोघांना भरपूर होतं. एक मोठी खोली, त्यातच एका बाजूला ओटा, एक झोपायची खोली, संडास-बाथरूम आणि बाकी सगळी पडवी. मुलगा-सून आली की पडवीत गाद्या टाकायच्या, नाहीतरी तिथं येऊन आत झोपतंय कोण.

भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या. हा दगड खाणीतनं काढताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होत जातो, तिथलाच, तिथल्याच गवंड्याला त्याची सवय. खाणी पावसात बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतर चांगला माल बघून घ्या, चिऱ्यात पिवळ्या मातीचे खिसे दिसले की तो बाजूला काढायचा, पावसात माती धुऊन जाते आणि भोकं राहतात. आतनं बाहेरनं प्लास्टर नाही केलं, नुसतं पॉइंटिंग (सांधे भरणं) केलं तरी देखणा दिसतो, फक्त तो पाणी पितो हे लक्षात ठेवा, त्यामुळं पश्चिम आणि दक्षिणेची भिंत उघडी पडू द्यायची नाही, तिच्यावर पडवी आलीच पाहिजे. आणि कातळ एवढा वर आहे तर पाया खोल खणायचा प्रश्नच नाही. जमीन उतरती असेल तर घराला आत दोन पायऱ्या घ्या, अर्धं घर वर, अर्धं खाली. सपाट करायची गरज संपली.

छप्पर हा खरा विषय आहे, इथं पैसे वाचवू नका. चौपाखी, म्हणजे चारी बाजूंनी उतार, मंगलोरी कौलं, उतार चांगला तीसेक अंशाचा. दोन पाखी छपराच्या त्रिकोणी भिंतीवर वारा सरळ येऊन धडकतो, चौपाखीवर त्याला धरायला काही मिळत नाही. जुनी कोकणी घरं बघा, उगाच नाहीत तशी. पडवीचं छप्पर मात्र वेगळं घ्या, मुख्य छपराच्या खाली, स्वतंत्र. कारण सांगतो, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, दापोली-मंडणगडपर्यंत घरांची छपरं उडाली, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. वारा नेहमी बाहेर आलेली कड पकडतो आणि खालून उचलतो. पडवीचं आणि घराचं छप्पर एकच सलग असेल तर पडवी जाताना सगळं घेऊन जाते, वेगळं असेल तर पडवी गेली तरी माणसं आत कोरडी राहतात. कडेच्या दोन-तीन ओळींची कौलं तारेनं बांधून घ्या, आणि वासे भिंतीला नुसते टेकवलेले नकोत, पट्टीनं जखडलेले पाहिजेत.

पडवी सात-आठ फूट रुंद आणि तिची वळचण खाली, इतकी खाली की दाजींना आत येताना किंचित वाकावं लागेल. आर्किटेक्ट नको म्हणेल, तुम्ही ऐकू नका. पश्चिमेचं ऊन दुपारी तीननंतर सरळ डोळ्यात येतं, भिंतभर काच लावली तर मे महिन्यात पापड भाजून निघतील त्या खोलीत. वळचण खाली असली की उभं राहिल्यावर समुद्र दिसत नाही, पण चटईवर बसलं की वरची वळचण आणि खालचा कट्टा यांच्या मधल्या पट्टीत नुसता समुद्र आणि तुमचं ते कातळ राहतं, आभाळाचा चकचकाट गेलेला असतो. म्हणून खिडक्या पण खाली, जमिनीपासून दीड फुटावर. आणि पावसाआधी पडवीच्या समुद्राकडच्या बाजूला झापा बांधायच्या. हे काही तुम्हाला नवीन नाही, महाबळेश्वरात पावसाळ्याआधी घरांना गवताच्या झड्या लावतात ते बघितलंच असेल, तोच प्रकार, फक्त नारळाच्या झावळ्यांचा. दिवाळीत काढून चुलीत घालायच्या.

आता दाजींचा स्लॅब. इथं मी शहाणपणा सांगत नाही, माझी स्वतःची चूक सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका मित्राला दापोलीकडं मी स्लॅबचं घर बांधून दिलं, साताऱ्यात बांधतो तसंच, सळीवर कव्हर (सळी झाकणारा काँक्रीटचा थर) जेमतेम पाऊण इंच, वाळू कुठली आली ते बघितलं नाही, खिडक्यांना साध्या लोखंडाचे ग्रिल. सातव्या पावसानंतर तो माझ्याकडं आला, काही बोलला नाही, एक प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. आत स्लॅबचा ढलपा होता, विटेएवढा, एका बाजूला सळीचा ठसा आणि त्यात गंजाची तांबडी पूड. झोपाळ्याशेजारी पडला होता, झोपाळ्यावर कुणी नव्हतं म्हणून बरं. होतं काय, खारी हवा काँक्रीटमधनं सळीपर्यंत पोचते, सळी गंजते, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, मग तो आतनं काँक्रीट फोडतो. बाहेरनं रंग चकाचक असतो तोवर आत काम झालेलं असतं. तेव्हा दाजींना सांगा, स्लॅब म्हणजे मजबूत हे शाहूपुरीत खरं आहे, तिथं नाही. जिथं काँक्रीट लागणारच आहे, दारं-खिडक्यांवरची लिंटेल, भिंतीवरचा पट्टा, तिथं काँक्रीट एम ३० ग्रेडच्या खाली जायचं नाही आणि सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर, समुद्रकाठच्या कामाला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात तसंच आहे, आणि ते कव्हरचे ठोकळे बसवताना दाजींनी स्वतः टेप घेऊन उभं राहायचं. रिटायर माणसाला काम पण मिळेल. खाडीची, समुद्राची वाळू चालणार नाही. बिजागऱ्या, कड्या पितळेच्या नाहीतर ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या, ३०४ ला तिथं डाग पडतात. खिडक्यांना लाकडी गज लावा, जुन्या घरांना असायचे तसे, फणसाच्या लाकडाचे. त्यांना गंजायचं माहीतच नाही.

सामान कमी न्या, हेच खरं मिनिमल. महिना-दोन महिने बंद असलेल्या घरात गाद्यांना बुरशी येते, प्लायवूडच्या कपाटांना वास येतो. बसायला चिऱ्याचेच कट्टे बांधून घ्या, झोपायला बाज, कपडे खुंटीला. भिंतींच्या वरच्या बाजूला झरोके ठेवा, जाळी लावून, ते बंद घरातही उघडे राहिले पाहिजेत. साताऱ्यातलं जुनं शोकेस "तिकडं टाकू" म्हणून न्यायचा विचार असेल तर तो आत्ताच काढून टाका, सगळेजण तेच करतात.

पाण्याचा विचार आधी करा, नंतर टँकरवाला करतो. सड्यावर पाऊस एवढा पडून फेब्रुवारीनंतर बोंब असते, जांभा चाळणीसारखा, पाणी खाली निघून जातं, बहुतेक खालच्या वाडीच्या विहिरीला. पडवी, वळचणी सगळं धरून नऊशे स्क्वेअर फूट छप्पर झालं तर एका पावसाळ्यात त्यावर अडीच लाख लिटर पडतं, वाया जाणारं सोडून दोन लाख धरा. दोघांना दिवसाला दोनशे लिटर म्हटलं तर फेब्रुवारी ते मे चोवीस हजार लिटर लागतात. पंचवीस हजाराची टाकी घराच्या उंच बाजूला बांधा, पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडून द्या मग आत घ्या. संडासाचं पाणी मात्र कातळाच्या भेगेत सोडू नका, तीच चाळण ते थेट कुणाच्या तरी विहिरीत नेते, शोषखड्डा कुठं घ्यायचा ते खालच्या विहिरी बघून ठरवा.

रात्रीचे दिवे. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, पिल्लं उजेडाकडं जातात, समुद्रावरचा उजेड समजून भलतीकडंच निघतात. तुमच्या घरातनं किनारा दिसतो म्हणजे किनाऱ्यावरनं तुमचा दिवा दिसतो. बाहेर हॅलोजन नको, पडवीत एक पिवळा मंद बल्ब, तोंड खाली, नोव्हेंबरपासून मेपर्यंत तर नक्कीच.

कंपाऊंडवरनं दाजी ऐकायचे नाहीत हे मला माहितीय, सातारकर माणूस, जागा घेतली की पहिली भिंत. मधला मार्ग सांगतो. आधी भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या आणि चारी कोपऱ्यात दगड रोवा, हद्दीची भीती तिथंच मिटते. मग घराभोवती, फक्त घराभोवती, चिऱ्याचा सुका गडगा, कमरेपर्यंत, गुरं आत येऊ नयेत एवढ्यापुरता. सुका म्हणजे सिमेंट न घालता रचलेला, त्यातनं पाणी जातं, सरडे जातात. बाकीचे अकरा हजार स्क्वेअर फूट आहेत तसे सोडा. लॉन नको, पेव्हर ब्लॉक नकोत, गाडी रस्त्यालगत उभी करून पन्नास पावलं चालत या. करवंदाच्या जाळ्या अजिबात काढू नका, त्याच्याइतकं काटेरी कंपाऊंड तुम्हाला कुणी बांधून देणार नाही आणि मे महिन्यात वर करवंदं.

हे सगळं करायच्या आधी एक कागद, आणि यात गंमत नाही. एनए झालं म्हणजे सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) सुटलं असं नसतं. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे नियम लागतात आणि ग्रामीण किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी त्यातले पहिले २०० मीटर ना विकास क्षेत्र असतं. प्लॉट उंचावर आहे म्हणून सूट मिळत नाही, अंतर आडवं मोजतात. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना सवलत आहे, तुमच्या गट नंबरला काय लागू होतं ते नकाशावर बघून लेखी घ्या. एजंटच्या "होऊन जाईल" वर एक चिरा सुद्धा उचलू नका.

राहता राहिलं घरातलं भांडण. बोलून होणार नाही, तिघंही आपापलं म्हणणं सोडणार नाहीत. पाऊस उघडला की तिघं एकदा जा, बरोबर प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या न्या आणि दुपारी चार ते सूर्यास्त तिथं काढा. प्रत्येकानं आपली खुर्ची हवी तिथं ठेवायची, ऊन-वारा लागला की हलवायची. सहा वाजता तिन्ही खुर्च्या जिथं आल्या असतील तिथं सुतळीनं आखून घ्या, पडवी तिथं. आणि जेसीबीवाल्यानं पैसे परत दिले का ते मात्र कळवा, मला उत्सुकता आहे.